बालविकासाचे सिद्धांत: तक्ता बाजूला ठेवून तुलना कशी करायची

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: पियाजे, वायगॉट्स्की, एरिक्सन, बोल्बी, ब्रॉनफेनब्रेनर हे सगळे वाचून झाले, प्रत्येकाच्या अवस्था आणि संज्ञा पाठ आहेत, वयोगटांप्रमाणे तक्ताही तयार आहे. पण ‘तुलना करा’ म्हटले की तक्त्यापलीकडे काही सुचत नाही, आणि प्रत्यक्ष मूल समोर आले की यांतले बरोबर कोण हे कळत नाही. बालविकास शिकवताना आणि मुलांसोबत काम करताना हा प्रश्न माझ्यापुढे सतत येत राहिला आहे. तो विचारणारे विद्यार्थी सहसा मन लावून वाचणारे असतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अडचण त्या तक्त्यातच आहे. ‘जन्म ते २ वर्षे’ या ओळीत पियाजेची संवेदन-कारक अवस्था (बाळ इंद्रिये आणि हालचाल यांतून जग ओळखते), एरिक्सनचा विश्वास विरुद्ध अविश्वास आणि बोल्बीचा अनुबंध (बाळाचे सांभाळणाऱ्याशी जडणारे नाते) शेजारी शेजारी बसतात. मग आपल्याला वाटते की एकाच गोष्टीवर ही तीन मते आहेत. तसे नाही. पियाजेचा (१८९६–१९८०) मूळ प्रश्न तत्त्वज्ञानातला होता: माणसाला ज्ञान होते ते कसे? पॅरिसमध्ये सिमोनच्या प्रयोगशाळेत मुलांच्या बुद्धिचाचण्यांवर काम करताना त्याचे लक्ष बरोबर उत्तरांपेक्षा चुकीच्या उत्तरांनी वेधले. एका वयाची मुले एकाच पद्धतीने चुकत होती. बोल्बी (१९०७–१९९०) मनोचिकित्सक होता, आईवडिलांपासून तुटलेल्या मुलांचे काय होते हा त्याच्यापुढचा प्रश्न, आणि त्या विषयावरचा त्याचा अहवाल जागतिक आरोग्य संघटनेने १९५१मध्ये प्रसिद्ध केला. एरिक्सनला (१९०२–१९९४) माणसाची स्वतःबद्दलची ओळख आयुष्यभर कशी घडत जाते ते सांगायचे होते. म्हणून त्याच्या आठ टप्प्यांतले शेवटचे तीन बालपणात येतच नाहीत.

प्रश्नच वेगळे असतील तर ‘कोण बरोबर’ याला अर्थ राहत नाही. पियाजेच्या चार अवस्था आणि एरिक्सनचे आठ टप्पे वयाच्या पट्टीवर समोरासमोर मांडून हाती काही लागत नाही, कारण पियाजेचे म्हणणे खोटे ठरले तरी एरिक्सनला त्याची झळ पोचत नाही. म्हणून माझा पहिला सल्ला असा: दोन सिद्धांत एकाच वर्तनाकडे बघून वेगवेगळे भाकीत करतात अशी जागा आधी शोधा. तुलना तिथेच सुरू होते. अशा जागा पाठ्यपुस्तकात असतात, पण वेगवेगळ्या प्रकरणांत विखुरलेल्या.

मला सर्वांत आवडणारी जागा म्हणजे नऊ-दहा महिन्यांच्या बाळाची एक चूक. बाळासमोर दोन कापडे ठेवा. पहिल्या कापडाखाली खेळणे लपवा. बाळ कापड ओढून ते काढते. असे तीनचार वेळा झाले की बाळाच्या डोळ्यांदेखत खेळणे दुसऱ्या कापडाखाली ठेवा, दोनतीन सेकंद थांबा आणि मग त्याला हात पुढे करू द्या. बाळाने सगळे नीट पाहिलेले असते, तरी हात जातो पहिल्या कापडाकडे. तिथे खेळणे नाही हे दिसल्यावर कित्येक बाळे गोंधळतात, कापड पुन्हा उलटून बघतात. पियाजेने हे स्वतःच्या मुलांमध्ये टिपले आणि म्हटले की या वयात वस्तूला बाळाच्या कृतीपासून वेगळे असे अस्तित्व अजून मिळालेले नाही. ‘मी इथे हात घातला की ते सापडते’ एवढेच बाळाचे वस्तूबद्दलचे ज्ञान.

आता यावरचा वाद बघा. बायर्जों या संशोधिकेने १९८०च्या दशकात साडेतीन ते पाच महिन्यांच्या बाळांना अशक्य दृश्ये दाखवली, म्हणजे मागे ठोकळा उभा असताना पुढची फळी त्याच्या आरपार गेल्यासारखी मागे पडते. बाळे अशा दृश्याकडे जास्त वेळ पाहत राहिली. तिचे म्हणणे असे की लपलेली वस्तू असते हे त्यांना आधीच ठाऊक असते, हाताच्या परीक्षेत ते दिसत नाही इतकेच. डायमंडने चूक थांबण्याच्या वेळेशी जोडली: लपवणे आणि हात घालू देणे यांतले अंतर वाढवले की चूक वाढते, आणि बाळ मोठे होते तसे ते जास्त अंतर पेलू लागते. तिच्या मते हा स्मरणाचा आणि सवयीची हालचाल आवरण्याचा प्रश्न, मेंदूच्या पुढच्या भागाच्या वाढीशी निगडित. थेलन आणि स्मिथ यांनी तर खेळणेच काढून टाकले. नुसती दोन झाकणे ठेवली, आधी एक हलवून दाखवले, मग दुसरे, आणि तरीही बाळांचा हात जुन्याच जागी गेला. मधल्या वेळात बाळाला बसल्या जागेवरून उठवून उभे धरले, तर चूक कमी झाली. म्हणजे वस्तूच्या संकल्पनेचा प्रश्न मध्ये न आणताही चूक घडवता येते. हाताला लागलेले वळण आणि शरीराची ठेवण पुरेशी होते. २००८मध्ये टोपाल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट बदलली: लपवणाऱ्या व्यक्तीने बाळाकडे पाहायचे नाही, बोलायचे नाही. चूक बरीच घटली. मोठे माणूस डोळ्यांत बघून काही दाखवते तेव्हा बाळ त्यातून ‘खेळणे इथे असते’ असा नियम शिकत असावे, असा त्यांचा अर्थ.

एक चूक, पाच स्पष्टीकरणे. आता तुमच्या वहीत सिद्धांतांच्या नावांऐवजी बदल लिहा: थांबण्याचा वेळ वाढवला तर? खेळणेच नसेल तर? बाळाला उभे केले तर? लपवणारा गप्प राहिला तर? प्रत्येक बदलापुढे कोणता सिद्धांत काय घडेल म्हणतो ते मांडा. पियाजेच्या मूळ स्पष्टीकरणाला खेळणे नसतानाची चूक समजावता येत नाही, हे लगेच दिसेल. नजरेच्या प्रयोगांना हाताबद्दल फारसे बोलता येत नाही, आणि जास्त वेळ पाहणे म्हणजे जाणणे का, यावरचा वाद अजून मिटलेला नाही. माझे मत विचाराल तर हात का चुकतो याचे सर्वांत बांधेसूद उत्तर थेलनकडे आहे. पियाजेचे निरीक्षण मात्र जसेच्या तसे उभे आहे. आजही कोणत्याही बाळासमोर दोन कापडे ठेवून ते पडताळता येते. निरीक्षण आणि त्याचे स्पष्टीकरण वेगळे ठेवायची सवय या अभ्यासात फार उपयोगी पडते. ती नसेल तर ‘पियाजे चुकीचा ठरला’ या एका वाक्यात टिकणारी आणि पडणारी दोन्ही गोष्ट एकदमच फेकली जाते.

दुसरी अशी जागा म्हणजे मुलांचे स्वतःशी बोलणे. पियाजेने १९२३मध्ये नोंदवले की लहान मुले खेळताना पुष्कळ बोलतात, पण ते कोणाला उद्देशून नसते. याला त्याने आत्मकेंद्रित बोलणे म्हटले. ऐकणाऱ्याची बाजू लक्षात घेता येत नाही म्हणून ते होते, आणि ती जमू लागली की ते मावळते. वायगॉट्स्कीने (१८९६–१९३४) हेच बोलणे घेतले आणि परिस्थिती बदलून पाहिली. चित्र काढणाऱ्या मुलाला रंगीत पेन्सिल सापडू नये, कागद कमी पडावा अशा अडचणी त्याने मुद्दाम आणल्या. स्वतःशी बोलण्याचे प्रमाण जवळजवळ दुप्पट झाले. त्याने दिलेले एक उदाहरण मी वर्गात हमखास सांगते: साडेपाच वर्षांचा मुलगा ट्रामचे चित्र काढत असताना पेन्सिलीचे टोक मोडले. त्याने जोर देऊन चाक पुरे करायचा प्रयत्न केला, कागदावर नुसता खळगा उमटला. ‘मोडली’ असे तो पुटपुटला, पेन्सिल ठेवून जलरंग घेतले आणि अपघातात मोडलेली ट्राम काढू लागला. तोंडातून निघालेल्या शब्दाने पुढचे चित्र ठरवले.

वायगॉट्स्कीची दुसरी युक्ती आणखी नेमकी होती. त्याने मुलांना कर्णबधिर मुलांमध्ये किंवा परकी भाषा बोलणाऱ्या मुलांमध्ये बसवले. हे बोलणे खरोखर ऐकणाऱ्याची पर्वा न करणारे असते तर त्यात फरक पडायला नको होता. पण ते एकदम कमी झाले. म्हणून त्याचा निष्कर्ष असा की हे बोलणे मुळात सामाजिक असते, मग स्वतःला मार्ग दाखवण्यासाठी वापरले जाते आणि शेवटी आत शिरून विचार होते. ते मावळत नाही, फक्त ऐकू येईनासे होते. पियाजेने यावर लिहिले ते १९६२मध्ये, वायगॉट्स्कीच्या मृत्यूनंतर २८ वर्षांनी. या बोलण्याचे पुढे काय होते याबद्दलचे वायगॉट्स्कीचे म्हणणे त्याने बऱ्याच अंशी मान्य केले. पण दुसऱ्याच्या बाजूने पाहता न येणे ही खरी अडचण आहेच, आणि तिच्याकडे वायगॉट्स्कीचे पुरेसे लक्ष गेले नाही, असेही सांगितले. दोघांमधला मतभेद ‘एक व्यक्तीवर भर देतो, दुसरा समाजावर’ या वाक्याने लिहिला जातो. ते वाक्य खोटे नाही, पण वरची दोन परिच्छेदांतली माहिती नसेल तर पोकळ राहते.

तिसरी गोष्ट परीक्षेत जवळपास कोणी लिहीत नाही, आणि लिहायला हवी: प्रयोगात मुलाला नेमके काय विचारले गेले. पियाजेच्या अक्षय्यतेच्या (मांडणी बदलली तरी संख्या तीच राहते, या समजेच्या) प्रयोगात सोंगट्यांच्या दोन सारख्या ओळी मांडतात, ‘दोन्हींत सारख्याच आहेत का’ विचारतात, एक ओळ पसरवतात आणि तोच प्रश्न पुन्हा विचारतात. पाचेक वर्षांची बरीच मुले लांब ओळीत जास्त आहेत म्हणतात. मॅकगॅरिगल आणि डोनाल्डसन यांनी १९७०च्या दशकात ओळ विस्कटायचे काम एका खोडकर टेडीकडे दिले, आणि ‘सारख्याच आहेत’ म्हणणाऱ्या मुलांची संख्या खूप वाढली. मोठ्या माणसाने मुद्दाम काही बदलून तोच प्रश्न पुन्हा विचारला, तर मूल समजते की उत्तर बदलायला हवे आहे. गोष्ट इथेच संपवू नका, बहुतेक पुस्तके संपवतात. पुढे काहींनी टेडीलाच एक सोंगटी खरोखर वाढवायला लावली. तेव्हाही मुले ‘सारख्याच’ म्हणाली. म्हणजे टेडीमुळे मुलांची समज उघड झाली की लक्षच विचलित झाले, हा प्रश्न पुन्हा उघडा झाला. टीका वाचताना टीकेवरची टीकाही वाचावी, ती अशी.

मुले कोणती होती, हेही पाहायचे. कोलबर्गने नैतिक विकासाच्या पायऱ्या मांडल्या त्या मूळ अभ्यासात फक्त मुलगे होते. गिलिगनने १९८२मध्ये यावर बोट ठेवले आणि मुलींचा नैतिक विचार नात्यांच्या, काळजीच्या अंगाने जातो असे मांडले. पुढच्या तपासण्यांत कोलबर्गच्या मोजपट्टीवर मुलगे आणि मुली यांत फारसा फरक दिसला नाही. तरीही गिलिगनचा आक्षेप वाया गेला नाही: न्यायाच्या कोड्यांतून मोजलेले ते सगळे नैतिक जगणे नव्हे, हे त्यानंतर सर्वांना धरून चालावे लागले. एन्सवर्थची ‘अनोळखी परिस्थिती’ची चाचणी असाच विचार मागते. एक-दीड वर्षाचे मूल, आई, परकी व्यक्ती. आई दोनदा खोलीबाहेर जाते आणि परतल्यावर मूल तिच्याशी कसे वागते यावरून अनुबंधाचा प्रकार ठरतो. ज्या समाजात बाळ आईपासून क्षणभरही दूर होत नाही, तिथे त्या काही मिनिटांचा ताण वेगळाच असणार. जपानमधल्या अभ्यासांवर हाच आक्षेप आला. दुसऱ्या बाजूला, १९८८मध्ये आठ देशांतले ३२ अभ्यास एकत्र केले तेव्हा देशादेशांमधल्या फरकांपेक्षा एकाच देशातल्या अभ्यासांमधले फरक जास्त निघाले. ‘संस्कृतीमुळे सिद्धांत लागू होत नाही’ हे म्हणणेही इतक्या सहज लिहू नये.

अवस्थांबद्दल थोडेच लिहिते, कारण त्यावर गरजेपेक्षा जास्त वेळ जातो. अवस्था मांडणाऱ्याचा खरा दावा क्रमाचा आणि घडणीतल्या बदलाचा असतो. वयाचे आकडे अंदाजे असतात. एखादे मूल सहाव्या वर्षी अक्षय्यता ओळखते म्हणून पियाजे पडत नाही. एकच मूल एकाच आठवड्यात एकाच प्रकारचे गणित तीन वेगळ्या पद्धतींनी सोडवते, हे सीग्लरने दाखवले, तेव्हा मात्र पायरीच्या कल्पनेला खरा धक्का बसतो. कोणता पुरावा दाव्याला लागतो आणि कोणता नुसता आकड्याला लागतो, एवढे पाहा.

बाळांच्या वाढीचे वयानुसार टप्पे नोंदवणाऱ्या गेसेलचेही तसेच. विकास आतून, परिपक्वनाने उलगडतो या त्याच्या मताला थेलनने चांगला हादरा दिला. नवजात बाळाला उभे धरले की ते पावले टाकते, दोनेक महिन्यांत ते थांबते. मेंदू वाढला की ही प्रतिक्षिप्त क्रिया दबते असे सांगितले जाई. थेलनने त्याच वयाच्या बाळांना छातीपर्यंत पाण्यात धरले आणि पावले परत आली. पायांवर चरबी झपाट्याने चढते, स्नायू तेवढे बळकट नसतात, पाण्यात वजन हलके होते. तरीही गेसेलने नोंदवलेले वयाचे टप्पे विकासाच्या तपासणी-याद्यांमधून आजही जगतात. सिद्धांत मागे पडतो आणि त्याचे मोजमाप वापरात राहते, हे या क्षेत्रात पुष्कळदा घडले आहे. यादी वापरताना तिच्यामागचे गृहीत आपण नकळत उचलत नाही ना, हे तपासत राहावे.

दोन ठिकाणी मात्र वाचकांची गल्लत ठरलेली असते. ‘मचाण’ किंवा आधार देण्याची कल्पना वायगॉट्स्कीची म्हणून लिहिली जाते. ती वुड, ब्रूनर आणि रॉस यांची, १९७६ची. वायगॉट्स्कीचे निकट विकासाचे क्षेत्र म्हणजे मूल एकटे काय करते आणि मदतीने काय करते यांतले अंतर, आणि त्याचा त्यातला रस अवघड काम सोपे करून देण्यापेक्षा मुलाची कोणती क्षमता आत्ता आकार घेते आहे हे ओळखण्यात जास्त होता. दुसरी गल्लत ब्रॉनफेनब्रेनरची. त्याची एकात एक वर्तुळे (मुलाभोवती घर-शाळा, त्याभोवती व्यापक समाज) १९७९च्या मांडणीतली. नंतर त्याने स्वतःच त्यात मूल, काळ आणि मुख्य म्हणजे मूल व त्याच्या भोवतालचे लोक यांच्यातली रोजची, टिकून राहणारी देवाणघेवाण केंद्रस्थानी आणली. वर्तुळांचे चित्र काढून थांबलात तर त्याचे पहिलेच म्हणणे लिहून होते.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग: प्रत्यक्ष मूल समोर असताना काय? पुष्कळ जण म्हणतात, सगळ्यांतले चांगले ते घ्यावे. मला हे पटत नाही, कारण काही ठिकाणी सिद्धांत उलट सल्ला देतात आणि मग ‘सगळ्यांतले थोडे’ घेता येत नाही. रडणे घ्या. वर्तनवादाच्या (वागणे त्याच्या परिणामांवरून घडते, या मताच्या) हिशेबाने रडल्याबरोबर उचलून घेतले तर रडण्याला बळ मिळते, ते वाढायला हवे. अनुबंधाच्या हिशेबाने तत्पर प्रतिसादाने बाळाला खात्री वाटते, आणि रडणे कमी व्हायला हवे. बेल आणि एन्सवर्थ यांनी १९७२मध्ये पहिल्या वर्षभराच्या निरीक्षणांवरून दुसरी बाजू उचलून धरली. गेवर्ट्झ आणि बॉइड यांनी त्यांच्या मोजमापावर आणि निष्कर्षावर आक्षेप घेतले. १९९१मध्ये हबर्ड आणि व्हॅन आयझेंडोर्न यांनी नव्याने मोजले तेव्हा बेल-एन्सवर्थचा सरळ संबंध हाती आला नाही. किरकिरीकडे थोडा वेळ न धावणाऱ्या घरांत पुढे रडण्याच्या वेळा कमी दिसल्या. म्हणजे ‘तत्पर’ हा शब्दच फोडावा लागतो: कळवळून रडणे आणि झोपेआधीची किरकिर यांना एकाच खात्यात टाकता येत नाही. अनुबंधाच्या मूळ विचारात महत्त्व संवेदनशीलतेला आहे, म्हणजे बाळ काय सांगते आहे ते ओळखून त्याजोगे वागण्याला. घड्याळ लावून धावण्याला नाही. ही ओळख सिद्धांतांच्या भांडणातून झाली, सरमिसळीतून झाली नसती.

कामात मी सिद्धांत वापरते ते कुठे पाहायचे हे ठरवण्यासाठी. नव्या पाळणाघरात आलेली तीन वर्षांची मुलगी इतर मुलांना चावते, असे समजा. चावण्याच्या अगदी आधी आणि लगेच नंतर काय घडते ते लिहून ठेवा, ही वर्तनवादाची शिकवण. सकाळी निरोप कसा होतो, तिथल्या कोणत्या मावशींकडे ती धाव घेते, हे बोल्बीमुळे सुचते. ‘मला दे’, ‘माझी पाळी’ असे म्हणण्याइतकी भाषा तिच्यापाशी आहे का, हे वायगॉट्स्कीमुळे. आईच्या किंवा बाबांच्या कामाच्या वेळा नुकत्याच बदलल्या का, हे ब्रॉनफेनब्रेनरमुळे. आठवडाभर अशा नोंदी ठेवल्या की यांतले एक-दोनच धागे खऱ्या माहितीला चिकटतात, बाकीचे गळून पडतात. कोणता सिद्धांत लागू पडला हे त्या मुलीच्या नोंदींनी ठरवायचे, आपल्या आवडीने नाही. दुसऱ्या चावणाऱ्या मुलाच्या बाबतीत उत्तर वेगळे निघू शकते.

तुमच्या अभ्यासासाठी क्रम सांगते. पुस्तकाच्या प्रकरणांच्या क्रमाने न वाचता वादांच्या क्रमाने वाचा: दोन कापडांचा वाद, स्वतःशी बोलण्याचा वाद, रडण्याचा वाद. शक्य असेल तर एखाद्या लहान मुलाला, घरच्यांची संमती घेऊन, अर्धा तास नुसते पाहा आणि अर्थ न लावता लिहा: ‘रागावला’ न लिहिता ‘ठोकळा फेकला, पाठ फिरवली’. मग त्या पानावर एकेक सिद्धांत चालवून बघा, आणि जिथे दोन सिद्धांत वेगळे भाकीत करतात तिथे खूण करा. उत्तरपत्रिकेत एवढ्या खुणांपैकी दोन जरी नीट उलगडून लिहिल्या, तर साम्य-भेदांची लांब यादी लागणार नाही.